दारू सोडल्यानंतरची तिसरी रात्र

प्रश्न : माझे मोठे बंधू ४२ वर्षांचे असून गेली पंधरा वर्षे रोज मोहाची दारू घेतात. यंदा पोळ्याला बैलजोडीसमोर त्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, त्यांचे हात थरथरू लागले, आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढत आहेत, गोठा पेटला आहे, असे म्हणत ते अंगणात धावत सुटले. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून भगताला बोलावले, पण उतारा करूनही फरक पडला नाही. शेवटी कोणीतरी ग्लासभर पाजली तेव्हा ते निजले. आता घरचे म्हणतात, त्यांना दारूच मानवते. वहिनींना मात्र कोणी जेवणात गुपचूप मिसळायची पूड सुचवली आहे. काय करावे?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तुमच्या बंधूंना बाहेरचे काही झालेले नव्हते आणि दारू त्यांना मानवते असेही नाही. दारू मेंदूचे काम मंदावते. वर्षानुवर्षे रोज प्यायल्यावर मेंदू त्या गुंगीवर मात करण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो, आणि दारू एकाएकी थांबली की ती वाढलेली उत्तेजना अडवणारे काहीच उरत नाही. पहिल्या दिवशी हात कापतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फीटही येते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, ताप येतो, नाडी धावू लागते. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत माणूस दगावू शकतो. ग्लासभर दारूने ते शांत झाले, कारण तिने ती उत्तेजना काही तासांपुरती दाबली. शिवाय ज्याला हा भ्रम एकदा झाला, त्याला पुढच्या वेळी तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून आता दुसरी शपथ घरी घालू नये.

ते पुन्हा पीत असतील तर एकदम बंद न करता त्यांना जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्या आणि मागच्या वेळी नेमके काय घडले ते डॉक्टरांना सांगा. तेथे मेंदू शांत ठेवणारे औषध सुरू करून काही दिवसांत हळूहळू कमी करतात आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देतात. रोज पिणाऱ्याचे जेवण तुटलेले असते, त्यामुळे हे जीवनसत्त्व शरीरात कमी पडते. आपल्याकडे अशक्तपणा दिसला की सलाईन लावून घेण्याची हौस आहे. पण अशा माणसाला थायमिन न देता ग्लुकोज चढवले, तर स्मृती आणि तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला कायमची इजा होऊ शकते. दरम्यान फीट आली किंवा माणसे ओळखू येईनाशी झाली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पुडीविषयी. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. काही वेळा तिच्यात डायसल्फिराम असते, जे दारू पचवण्याच्या क्रियेत मधेच अडथळा आणते, त्यामुळे विषारी पदार्थ साठतो आणि चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे असे प्रकार घडतात. हे औषध डॉक्टर रुग्णाची संमती घेऊन आणि तपासण्या करूनच देतात. न सांगता दिल्यास, नवरा नेहमीप्रमाणे प्यायला की जिवावर बेतू शकते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. मोहाची असली म्हणून ती औषधी होत नाही. तिच्यातील मद्यार्क इतर दारूतलाच, आणि घरच्या भट्टीत त्याची तीव्रता कोणी मोजत नाही. बंधू सोबत खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खात असतील, तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही वाढतो. रुग्णालयात जाल तेव्हा तोंडही तपासून घ्या.