बाळाच्या लाळेऱ्याला नाडी, वेल्क्रो की टिचबटण?

घरी शिवत असाल तर प्लॅस्टिकचं टिचबटण लावा. ओढलं की सुटतं, धुण्यात टिकतं. नाडी मात्र नकोच: ती कशात अडकली तर सुटत नाही, गळ्याला फास बसू शकतो.

बटण उपटून येतं ते बहुधा कापड पातळ असल्यामुळे. दोन सुती थरांच्या मध्ये कॅनव्हासचा छोटा तुकडा घाला, दाभणाने बारीकच भोक पाडा (कात्रीने पाडलेलं मोठं होतं आणि तिथूनच फाटतं) आणि बटण कडेपासून किमान 1 सेंमी आत बसवा. एका टोकाला 2 सेंमी अंतरावर दोन बटणं लावली की बाळ वाढलं तरी लाळेरं पुरतं. लावल्यावर गळ्यात दोन बोटं सहज जायला हवीत. बटण मानेच्या मागे न घेता खांद्याजवळ घ्या, टोचत नाही.

वेल्क्रोच लावायचा असेल तर कोपरे गोल कापा. खरखरीत पट्टी खालच्या टोकावर, बाहेर तोंड करून शिवा, म्हणजे जरा सरकली तरी मानेला घासणार नाही. धुताना बंद ठेवा, नाहीतर धागे अडकून पकड जाते.

बटण सैल वाटलं की लाळेरं वापरू नका, सुटलेलं बटण थेट तोंडात जातं. आणि झोपवताना लाळेरं काढायचंच, बंद कुठलाही असो.