बेसबॉलच्या जुन्या वस्तूंमध्ये सगळ्यात महाग काय विकलं गेलंय?

बेब रूथ या अमेरिकेच्या जुन्या दिग्गज बेसबॉल खेळाडूची जर्सी. १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) शिकागोच्या रिग्ली फील्डवर त्याने आधी बॉल कुठे मारणार ते बोटाने दाखवून मग होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) मारला म्हणतात ना, त्या मॅचमधली. ऑगस्ट २०२४ मध्ये हेरिटेज ऑक्शन्स या कंपनीच्या लिलावात ती २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाच्या रेटने २०० कोटी रुपयांच्या वर! आणि हीच जर्सी २००५ मध्ये साधारण ९ लाख ४० हजार डॉलरला विकली गेली होती, मग एवढा फरक का, तर नंतर जुन्या फोटोंशी कापड, शिलाई, अक्षरांची जागा असं सगळं जुळवून बघितलं आणि ही त्याच मॅचची आहे हे तज्ज्ञांनी नक्की केलं. माझ्या मते खरी किंमत या पुराव्याचीच आहे.

खेळाडूंचे फोटो असलेल्या, लोक जमवतात त्या कार्डांमध्ये सगळ्यात महाग म्हणजे मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचं, टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड, २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर. त्या सिरीजची न खपलेली कार्डं कंपनीने चक्क समुद्रात टाकून दिली होती, हे वाचून मला खरंच हळहळ वाटली.