गावाहून पुण्यात राहायला आलोय. मतदार यादीतलं नाव इकडे कसं आणायचं? आणि ८७ वर्षांच्या आजीचं मतदान कसं होईल?

नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरू नका. बहुतेक जण तिथेच चुकतात आणि मग नाव दोन ठिकाणी लागतं. पत्ता बदलायला फॉर्म ८ आहे. मतदारसंघ बदलला तरी २०२२ पासून हाच चालतो. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर किंवा मतदार पोर्टलवर तो फुकट भरता येतो. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार पुरावा म्हणून चालतो. नंतर बीएलओ (तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी) घरी चौकशीला येतात, तेव्हा दार बंद दिसू नये म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

हे काम निवडणूक लागायची वाट न बघता आत्ताच उरका. मतदानाच्या दिवशी यादीत नाव नसेल, तर हातात कार्ड असूनही परत यावं लागतं. केंद्रावरून असा हिरमुसून परतणारा माणूस बघवत नाही. उलट नाव असेल आणि कार्ड सापडत नसेल, तर आधार, पॅन, पासपोर्ट यांपैकी एक पुरतं.

आजींसाठी: लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांपुढच्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मतदान करता येतं. त्यासाठी फॉर्म १२ डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. कर्मचारी मतपत्रिका घेऊन घरी येतात. केंद्रावरच जायची त्यांची हौस असेल, तर सकाळी लवकर न्या, तिथे व्हीलचेअर मागा.