सांगलीतल्या शाळेच्या फलकावर 'तपासणीत अ श्रेणी, सलग सात वर्षं १०० टक्के निकाल' असं लिहिलंय. त्यावर किती विसंबावं?

तुम्ही विचारलंय की बदलीमुळे सांगलीत आलोय, मुलगी जूनमध्ये पाचवीत जाईल, घराजवळच्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेच्या फाटकावर वरचा मजकूर आहे, फी बरीच आहे, तर एवढ्या भरवशावर प्रवेश घ्यावा का.

मी सांगलीतल्याच एका विनाअनुदानित शाळेत २३ वर्षं गणित शिकवलं. या काळात तपासण्या पाहिल्या, दहावीचे निकाल लावले आणि एकदा चुकीच्या गोष्टीत सहभागीही झाले. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी तपासणीबद्दल. 'अ श्रेणी' म्हटलं की पालकांना वाटतं, सरकारी साहेब आले, त्यांनी शाळा बघितली आणि शिक्का मारला. दर वेळी तसंच असतं असं नाही. शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यमापनाच्या सरकारी कार्यक्रमात ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं होती. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, पाणी, स्वच्छतागृह इथपासून ते शिकवणं, मुलांची प्रगती, सुरक्षितता, पालकांचा सहभाग इथपर्यंत. पण त्यात आधी स्वयंमूल्यमापन असायचं, म्हणजे आपली पातळी शाळाच ठरवून भरायची. बाहेरचं पथक येऊन पडताळणी करायचं ते बाह्यमूल्यमापन वेगळं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की ही श्रेणी कुणी दिली आणि कोणत्या वर्षी. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालची मान्यता, ही आणखी तिसरी गोष्ट. तिचं प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं, पुन्हा नूतनीकरण करावं लागतं. ते प्रत्येक शाळेकडे असायलाच हवं, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. (शाळा सीबीएसईची असेल तर संलग्नतेची तपासणी ते मंडळ स्वतः करतं. मी राज्य मंडळाच्या शाळेबद्दलच बोलतेय.)

आता वार्षिक तपासणी. माझे वडील तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या तोंडी 'डिपुटी (म्हणजे तपासणीचे साहेब) येणार' हे शब्द असायचे, आणि डिपुटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी वर्ग शेणानं सारवून निघायचे. आमच्या वेळी सारवण गेलं, पण धावपळ तीच. पत्र आलं की टाचणवह्या (शिक्षकांच्या पाठांच्या टिपणांच्या वह्या) पूर्ण करा, जनरल रजिस्टरवर सह्या घ्या, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मोडलेली बाकं लिहा, प्रयोगशाळेतली धूळ झाडा. पथकाचा पहिला तास-दीड तास ऑफिसात कागद बघण्यात जायचा. खरी तपासणी त्यानंतर, साहेब वर्गात शिरले की सुरू व्हायची.

एक तपासणी मी कधीच विसरणार नाही. सहावीचा माझा तास होता. विस्तार अधिकारी बाई आल्या. मी अगदी तयारीनं शिकवत होते, पुढच्या बाकावरची मुलं हात वर करत होती. बाईंनी फळ्याकडे फारसं बघितलंच नाही. सरळ मागे गेल्या, शेवटच्या बाकावरच्या मुलाची वही उचलली, उभ्या उभ्या चाळली आणि काही न बोलता बरोबर घेऊन गेल्या. दुपारी ऑफिसात त्यांनी ती माझ्यासमोर उघडी ठेवली. पानावर मुलानं लिहिलं होतं, पाऊण अधिक पाव बरोबर चार अष्टमांश. त्यानं वरच्यांची बेरीज केली होती, खालच्यांचीही बेरीज केली होती. त्याच्यापुढे माझी लाल बरोबरची खूण होती. पुढच्या पानावर तशीच आणखी तीन गणितं, तीनही चूक, तिन्हीवर माझी खूण. चाळीस वह्या एका ऑफ तासाला तपासल्या की असं होतं, पण हे कारण मला त्यांच्यासमोर सांगवेना. त्या रागावल्या नाहीत. लॉगबुकात, म्हणजे तपासणीचे शेरे लिहायच्या वहीत, एकच ओळ लिहिली, 'वह्या तपासल्या जातात, चुका दुरुस्त करून घेतल्या जात नाहीत.'

त्या वर्षी आम्हाला एकूण शेरा 'चांगला' मिळाला. पेढेही वाटले. पण माझ्या लेखी त्या तपासणीचं मोल त्या एका ओळीत होतं. मुख्याध्यापकांनी पुढच्या आठवड्यापासून शुक्रवारचा शेवटचा तास सगळ्या वर्गांना चुका दुरुस्तीचा ठेवला. मुलानं आठवड्यातली आपली तीन चुकलेली गणितं नव्यानं सोडवायची आणि का चुकलं ते एका वाक्यात लिहायचं. दोन वर्षांनी दुसरं पथक आलं तेव्हा त्यांनी आधी मागचा शेरा काढला आणि विचारलं, याचं काय केलंत? आम्ही त्यांच्यापुढे वह्यांचा गठ्ठा ठेवला.

म्हणून माझा सल्ला असा की श्रेणी बाजूला ठेवा आणि मुख्याध्यापकांना विचारा, मागच्या तपासणीत काय त्रुटी निघाल्या आणि त्यांची पूर्तता कशी केली? शाळांना पूर्तता अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे हा शब्द त्यांना नवा नाही. 'आमच्यात काही त्रुटी निघालीच नाही' असं उत्तर आलं तर मला ती शाळा जरा संशयास्पद वाटेल. त्रुटी नाही अशी शाळा मी तरी पाहिलेली नाही.

आता शंभर टक्के निकाल. इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगायलाच हवी.

२००९ च्या सुमारास आमच्या संस्थेला निकालाचा आकडा हवा होता. नववीच्या शेवटी जी मुलं कच्ची वाटायची, त्यांच्या पालकांना बोलावून सांगायचं, याला शाळेतून बसवू नका, दाखला घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे मूल बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसणार. ते नापास झालं तरी शाळेच्या निकालात दिसणार नाही. आठवीपर्यंत मुलाला काढता येत नाही असा कायदा २०१० मध्ये आला, पण नववीला ते संरक्षण नाही. मी वर्गशिक्षिका होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई हरिपूरहून आली होती, हळदीच्या वखारीत कामाला जायची, नखं पिवळी. मला म्हणाली, "मॅडम, शाळेतनंच बसू द्या की त्याला. नापास झाला तर झाला. बाहेरनं बसला तर अभ्यासच सोडंल त्यो." मी मान खाली घालून वरचा निर्णय आहे म्हणाले आणि त्याचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्या हातानं लिहिला. त्या वर्षी आमचा निकाल शंभर टक्के लागला. पुष्पराज चौकात फ्लेक्स लागला. पुढे तो मुलगा बाहेरून ४८ टक्क्यांनी पास झाला, आयटीआय केलं, आता कुपवाड एमआयडीसीत लेथवर आहे. तो पास होणारा मुलगा होता आणि आम्ही त्याला मोजला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा निकालाचा टक्का बघताना आधी खालची संख्या विचारा. आठवीला किती मुलं होती, त्यातली नववीला किती राहिली, दहावीला शाळेतून किती बसली? हे तुम्हाला घरबसल्याही बघता येतं. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो, सांगली जिल्ह्यातल्या शाळांचा २७३५ नं सुरू होतो. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळाच्या 'नो युवर स्कूल' या पानावर त्या क्रमांकानं शोधलं की इयत्तावार पटसंख्या आणि शिक्षकसंख्या दिसते. एका वर्षाची आठवी, पुढच्या वर्षाची नववी, त्याच्या पुढच्या वर्षाची दहावी असं ओळीनं मांडा. दोन-चार मुलं बदल्यांमुळे कमी होतात, ते ठीक. दर वर्षी नववी ते दहावीत दहा-बारा मुलं गळत असतील तर शंभर टक्क्यांचं कारण तुम्हाला कळलं.

दुसरं, कोणती सात वर्षं? राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० पासून ते गुण परत दिले, निकाल ९५.३०. मुलं एका वर्षात ढ आणि दुसऱ्या वर्षात हुशार झाली नाहीत, मोजपट्टी बदलली. २०२१ मध्ये तर कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. तेव्हा त्या सात वर्षांत २०२१ असेल तर ते सोडून द्या. आणि २०१९ असेल, तेव्हाही सगळी मुलं शाळेतून बसून पास झाली असतील, तर त्या शिक्षकांना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडे तोवर मुख्याध्यापक बदलले होते. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं, नववीतून कुणालाही दाखला द्यायचा नाही. २०१९ च्या तुकडीत आठवीला ४२ मुलं होती. एकाच्या वडिलांची सोलापूरला बदली झाली, बाकी ४१ दहावीला बसली. सकाळी साडेसातला जादा तास, त्यात भागाकारापासून सुरुवात. काही मुलं मिरजेहून पहिली बस पकडून यायची. ३७ पास झाली, ९०.२४ टक्के. संस्थेत नाराजी होती. मुख्याध्यापकांनी फाटकावर तोच आकडा लिहिला, ४१ पैकी ३७. जुलैच्या पुरवणी परीक्षेत उरलेल्या चारांपैकी तिघं सुटली, तेव्हा खाली खडूनं तीही ओळ लिहिली. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा शैक्षणिक पराक्रम मी हाच मानते.

आता शिष्यवृत्ती परीक्षा. ती २०२५-२६ पर्यंत पाचवीला असायची, आता चौथीला आणि सातवीला असते. तिच्यावरूनही शाळा जाहिरात करतात. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण, मिळून ३००. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. पात्र व्हायला दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के लागतात. फ्लेक्सवर चार फोटो दिसतात, पण विचारायचं ते असं की त्या इयत्तेत मुलं किती, परीक्षेला किती बसवली, पात्र किती झाली? काही ठिकाणी पंधरा निवडक मुलांची वेगळी तुकडी काढतात आणि बाकीच्या मुलांना त्या तासाला शुद्धलेखन लिहायला बसवतात. तुमची मुलगी त्या पंधरांत नसेल तर ती त्या तासाला काय करेल, हेही विचारा. आणखी एक बघा, एकाच मुलीचा फोटो शाळेच्याही फ्लेक्सवर आणि खाजगी क्लासच्याही फ्लेक्सवर असतो. श्रेय कुणाचं ते मुलीलाच माहीत.

एका बाबतीत मात्र विनाअनुदानित शाळांवर अन्याय करू नका. आठवीच्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत त्यांची मुलं नसतात, कारण ती परीक्षा सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. बरेच पालक त्यावरून उगाच शाळेला कमी लेखतात.

फी जास्त आहे म्हणालात. फी नियमनाच्या कायद्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो, प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो आणि कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. दोन-तीन जुन्या पालकांना विचारा, चिठ्ठ्या कधी टाकल्या होत्या? उत्तर लगेच आलं तर शाळेचा कारभार उघडा आहे असं समजायला हरकत नाही. त्यांनाच हेही विचारा की गेल्या पाच वर्षांत गणिताचे आणि इंग्रजीचे शिक्षक किती वेळा बदलले. कमी पगारामुळे आमच्यासारख्या शाळांतून शिक्षक फार सोडून जातात. वर्षात तीन गणित शिक्षक बघितलेल्या मुलांचा पाया कुठलीही श्रेणी भरून काढत नाही.

मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा लॉगबुक बघायला मागा. नाही म्हणण्याचा त्यांना हक्क आहे, पण कसं नाही म्हणतात ते ऐका. आमच्याकडे ते ऑफिसच्या काचेच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात असायचं. माझ्याबद्दलच्या त्या ओळीच्या पानाला मुख्याध्यापकांनी कागदाची खूण घातली होती, आणि पालक आले की मी स्वतः ते पान उघडून दाखवायचे.