शेवटची सायकल

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

दापोलीहून गणपतीपुळ्याला सायकलने एका दिवसात जाणाऱ्या गटात तू आहेस हे कळले. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरेल, पण सागरी मार्गाचा हिशेब किलोमीटरने करू नये. रस्ता खाडीपाशी उतरतो, पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो, आणि हे दिवसभर इतक्या वेळा घडते की दुपारनंतर समोर उतार दिसला तरी धास्ती वाटते.

सकाळी दाभोळकडे उतरताना पाय ताजे असतात आणि तरुण मंडळी पुढे काढतात. काढू देत. वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला नेणारी फेरीबोट सर्वांना एकदमच नेणार असते. पहिल्या खेपेस मीही असाच पुढे पळालो होतो. हेदवीनंतरच्या चढावर दोन्ही मांड्यांत गोळे आले आणि मी रस्त्याकडेला बसलो. सकाळपासून सर्वांत मागे असलेले एक गृहस्थ यथावकाश आले, त्यांनी पिशवीतून कागदाची पुरचुंडी काढली, तिच्यातले मीठ कोकम सरबताच्या बाटलीत ढवळले आणि काही न बोलता बाटली माझ्या हातात दिली.

म्हणून सांगतो, शेवटची जागा मागून घे. पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान शेवटच्याकडेच हवे, कारण पंक्चर झालेला मागे राहतो आणि पुढे गेलेल्याचा पंप त्याच्या कामाचा नसतो. चढ लागण्याआधीच हलका गिअर टाक. ऐन चढावर जोर देत गिअर बदलला की चेन उतरते. भूक लागण्याची वाट न पाहता तासाभराने गूळ-शेंगदाणे किंवा केळे खात जा. उतारावर ब्रेक वळणाआधी दाबावा, वळणात नव्हे, हे तुला ठाऊक असेलच.

तवसाळहून जयगडला जाणाऱ्या बोटीची वेळ आदल्या रात्रीच विचारून ठेव. वाटेत मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे, पण ते दुसऱ्या दिवशी मागे येऊन पाहा. त्या संध्याकाळी कोणाच्याही अंगात कविता उरलेली नसते. जयगडनंतर अंधार पडेल असे धरून मागचा लाल दिवा पूर्ण चार्ज करून आण. शेवटी तू असशील, तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला सारा गट तुझ्याच दिव्यावरून कळणार आहे.

तुझा,
काका