हळद कुणाकडून घ्यायची?

प्रश्न: मी विश्रामबागला राहते. घरपोच येणारी पाकिटातली हळद स्वस्त पडते. सासूबाई मात्र हळकुंडं आणून दळा म्हणतात. सांगलीचीच घेतल्यानं खरंच काही फरक पडतो का?

उत्तर: पडतो, ताई. माझं माहेर सांगलीजवळच्या हरिपूरचं. तिथल्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खोल कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि कितीतरी माल सडला. तो वास अजून माझ्या नाकात आहे. पिकवणारा कसा उभा राहतो आणि कसा कोसळतो, हे जवळून पाहिलंय, म्हणून घासाघीस करताना माझी जीभ अडखळते.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण सांगलीत विकली जाणारी सगळी हळद इथलीच नसते, बाहेरून कर्नाटकातूनही येते. तेव्हा दुकानदाराला गाव विचारा. विचारणारं गिऱ्हाईक असलं की तोही जपून बोलतो.

१९०५ च्या स्वदेशी चळवळीत लोकांनी विलायती कापडाच्या होळ्या केल्या, त्या स्वस्त-महाग बघून नव्हे. आपला पैसा कुणाच्या हातात जातो, हा राजकारणाचाच प्रश्न आहे. मात्र जवळचा व्यापारी मजूर बायकांची हजेरी बुडवत असेल, तर तिथलं घेऊ नका. माझ्या लेखी तो परकाच.

हात आखडता असेल तर पाव किलोच घ्या. सासूबाईंना सोबत न्या. हळकुंड मोडून आतला केशरी रंग कसा बघायचा, ते त्या दाखवतील.