जुनी जिप्सी ऑफ-रोड स्पर्धेत उतरवायची आहे, आधी काय बदलू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मारुतीची जिप्सी किंग हाती आली आहे, पावसाळ्यातल्या ऑफ-रोड स्पर्धेत उतरायचं आहे, तर लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), मोठे टायर आणि विंच (फसलेली गाडी ओढून काढणारं, विजेवर फिरणारं दोराचं यंत्र) यातलं आधी काय घ्यावं? आणि जाता जाता शेवटी एक ओळ टाकली आहे, ‘फोर-बाय-फोर टाकलं तरी चिखलात पुढची चाकं फिरतच नाहीत.’

भाऊ, आधी ती शेवटची ओळ निस्तरा, पैसे नंतर काढा. माझं गॅरेज यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आहे. दारात ट्रॅक्टर, जुन्या जीप आणि अधूनमधून जिप्सी येते. स्पर्धेची म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांवर पन्नास हजाराचं सामान चढलेलं असतं आणि पुढचा अॅक्सल मात्र कुणी कधी उघडलेलाच नसतो.

तुमच्या पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायचे हब असतील. त्यावर ‘फ्री’ आणि ‘लॉक’ अशा खुणा असतात. दोन्ही लॉक केल्याशिवाय आतला लिव्हर कितीही ओढा, पुढे ताकद जात नाही. हे तुम्हाला माहीत असेलच. पण खूण लॉकवर आली म्हणजे हब आतून लागला, असं धरून चालू नका. आतली रिंग स्प्रिंगच्या जोरावर सरकून दात धरते. वर्षानुवर्षांचं ग्रीस त्यात वाळून मेणासारखं झालं की रिंग अर्ध्यातच थांबते. आणि पुढचा डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच, साधा असल्यामुळे एकच हब मोकळा राहिला तरी सगळी ताकद त्या बाजूने नुसती फिरत राहते. दोन्ही चाकं उभी!

तपासायला मेकॅनिक लागत नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. इंजिन बंद, दोन्ही हब लॉक, लिव्हर फोर-बाय-फोरमध्ये, गाडी गिअरमध्ये. आता डावं चाक हाताने फिरवा.

उजवं चाक उलट दिशेने फिरलं, तर हब, अॅक्सलच्या दांड्या आणि सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) सगळं धडधाकट आहे. उजवं जागचं हललं नाही आणि डावं मोकळं फिरलं, तर कुठल्या तरी एका बाजूचा हब धरत नाही किंवा आतला सीव्ही गेला आहे. दोन्ही हब खोला. मग पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे पुढच्या अॅक्सलला ताकद नेणाऱ्या लांब दांडीकडे बघा. चाकाबरोबर तो फिरत असेल तर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) फोर-बाय-फोरमध्ये जातच नाहीये. लिव्हरचे जोड आणि बुश झिजले असतील किंवा आतली कडी.

हब उघडले की डिझेलने धुवा, कापडाने कोरडे करा आणि बोटाने पातळसा हात फिरवावा तेवढंच ग्रीस लावा. बेअरिंगसारखं कोंबून भरलंत की पुन्हा तेच दुखणं. बोल्ट घट्ट करा आणि फाटकी पॅकिंग परत बसवू नका. पाणी तिथूनच शिरतं.

एवढं झालं की गाडीची परीक्षा आपल्याच मातीत घ्या. आपल्या काळ्या मातीची तऱ्हा कोकणातल्या लाल चिखलापेक्षा वेगळी आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. धो-धो पाऊस पडल्या पडल्या ती पातळ असते, टायरवरून वाहून जाते. खरा त्रास होतो पाऊस उघडल्यानंतर आणि वाफसा येण्याआधी. तेव्हा ती टायरच्या खाचांत भरते, रिमला चिकटते, मडगार्डपर्यंत चढते, आणि मड टायर आणि गुळगुळीत टायर यात फरक उरत नाही. सरावाला पांदण रस्ता निवडायचा असेल तर असाच दिवस निवडा. धुऱ्यावर बाभूळ किंवा कडुनिंब असेल तर बरं, ओढून काढायला आधार मिळतो. आणि ओळखीतला एक ट्रॅक्टरवाला टोचनासाठी तयार ठेवा, त्याला आधीच चहा पाजा.

अशा मातीत लो-फर्स्टमध्ये (फोर-बाय-फोरच्या ‘लो’मधला पहिला गिअर) रांगत जाणं म्हणजे फसायला आमंत्रण. लो-सेकंड घ्या, चाक फिरतं ठेवा, म्हणजे खाचांतली माती फेकली जाते. हवा पंधरा ते अठरा पीएसआयपर्यंत उतरवा. त्याहून खाली गेलात आणि गाडी आडवी घसरली तर साध्या रिमवरून टायर निसटतो. डांबरी रस्त्यावर चढण्याआधी हवा परत भरा.

आता तुमची मोठी यादी. जिप्सीचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मुळात अॅक्सलच्या खाली असतात. ते अॅक्सलच्या वर घेतले की चार-पाच इंच उंची जवळपास फुकट मिळते, म्हणून वेल्डिंगवाले हाच उपाय सुचवतात. पण त्याबरोबर प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) लवकर जातात, स्टीअरिंगची ड्रॅग लिंक (चाक वळवणारी दांडी) तिरकी पडते, खड्ड्यात गाडी स्वतःहून वळायला लागते. ब्रेकचे होज आखूड पडतात, चाक खाली लोंबकळलं की ताणले जातात. हे सगळं दुरुस्त करायला वेळ आणि चांगला फॅब्रिकेटर असेल तर करा. पहिल्या स्पर्धेसाठी माझं मत: नवे पाटे, नवे बुश, दोन इंचांची उंची आणि २१५/७५ आर १५ चे मड टायर. मूळ टायर २०५/७० आर १५ असतो, त्यामुळे हा माप फार ताण न देता बसतो.

अजून मोठ्या टायरचा मोह होईल. इंजिन १३०० सीसीचं पेट्रोल आहे. चाकाचा घेर वाढला की गिअर जड होतात, ब्रेक कमी पडतात आणि सगळा भार जातो पुढच्या सीव्हीवर. सीव्ही नेहमी एकाच प्रसंगात तुटतो: स्टीअरिंग पूर्ण वळलेलं, चाक दगडामागे अडकलेलं आणि ड्रायव्हर रिव्हर्समध्ये पाय दाबतोय. ‘कट्ट’ असा आवाज आला की समजायचं. वळलेल्या चाकावर जोर देऊ नका, आधी चाक सरळ करा.

नाला ओलांडताना लोकांना स्नॉर्केल (इंजिनची हवा उंचावरून घेणारा पाइप) आठवतो, ब्रीदर (अॅक्सल-गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर सोडणारं छोटं तोंड) आठवत नाही. अॅक्सल चालून चालून तापलेला असतो. थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढते. नंतर ड्रेन बोल्ट काढला की दुधाळ, कॉफीच्या रंगाचं तेल गळतं. एकदा तसं तेल दिसलं की ते बदलायचंच, अॅक्सलमधले गिअर, म्हणजे क्राऊन-पिनियन, वाचवायचे असतील तर. पुढचा-मागचा अॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, सगळ्यांचे ब्रीदर लांब नळीने बॉनेटच्या उंचीला आणा. नुसती नळी आणि क्लिपा, खर्च काहीच नाही. अॅक्सलला जीएल-५ दर्जाचं गिअर तेल चालतं, पण गिअरबॉक्सला जीएल-४ घाला. जीएल-५ मधली रसायनं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात.

गाडी पाण्यात बंद पडली तर लगेच सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ओढा, स्पार्क प्लग काढा, मग फिरवा. पाणी भोकांतून उडून जाईल.

विंच सगळ्यात शेवटी. २०१४ पासून गोव्यात पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ठिकाणी तिच्याशिवाय गती नाही, पण एकदिवसीय स्पर्धेत भक्कम टो-हुक आणि चांगला पट्टा पुरतो. घेतलीच तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर बघा. पूर्ण भारावर विंच शेकडो अँपिअर ओढते. रोलकेज मात्र तडजोड न करता: सीमलेस पाइप, चासीला धरलेला. वेल्डिंगवाला जीआय पाइप दाखवेल, घेऊ नका. पत्र्याला वेल्ड केलेला पिंजरा गाडी उलटली की पत्र्यासकट निघतो.

एक कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. म्हणून जास्त बदललेली गाडी स्पर्धेच्या जागी ट्रकवर टाकून न्या.

स्पर्धा संपली की त्याच दिवशी गाडी धुवा. काळी माती वाळली की ड्रममध्ये दगडासारखी बसते, ब्रेक एकीकडे ओढतो. ड्रम काढून आतून धुवा. रेडिएटर इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने धुवा. जोरात मारलंत तर पाती वाकतात आणि मग आपल्या मे महिन्यात तापमानाचा काटा वरच चढलेला राहतो.

सोबत एक सीव्ही, दोन क्रॉस, हबचे बोल्ट-पॅकिंग, सील, ग्रीस आणि फॅन बेल्ट ठेवा. हब तपासून काय निघालं ते इथेच कळवा, डावं-उजवं चाक कसं फिरलं हे सांगितलंत तर पुढचं सांगता येईल.